लांबच्या बागेचे पाणी

घराच्या मोरीचे पाणी जिथे जाते तिथे अळू आणि केळ फारशी निगा न करताही फोफावते. भांडी घासली, आंघोळी झाल्या की त्या झाडांना पाणी मिळालेच. अडचण येते ती लांबच्या बागेची. आपल्या मराठवाड्यातल्या गावांत घरे गावठाणात एकमेकांना लागून असतात आणि झाडे लावण्याजोगी जागा असते ती गावाबाहेर, खळ्यावर नाहीतर मळ्यात. शाळांचेही बहुधा असेच असते. इमारत आणि पाण्याची टाकी रस्त्याच्या बाजूला, आणि पोषण आहाराच्या भाजीसाठी केलेली परसबाग मैदानाच्या पलीकडे, कुंपणालगत. जूनमध्ये उत्साहाने रोपे लावली जातात, दिवाळीपर्यंत ती छान दिसतात आणि मे महिन्यात वाळून जातात.

का वाळतात, याचा हिशेब सोपा आहे. समजा, बाग टाकीपासून ३०० मीटर लांब आहे आणि तिच्यात ४० झाडे आहेत. उन्हाळ्यात झाडामागे रोज १० लिटर पाणी धरले तर ४०० लिटर लागेल. दोन हातांत १५-१५ लिटरच्या दोन बादल्या घेतल्या तरी १४ खेपा होतात. जाऊन-येऊन एका खेपेचे ६०० मीटर, म्हणजे सारे मिळून ८.४ किलोमीटर चालणे, त्यातले निम्मे अंतर ३० किलो वजन घेऊन. हे काम कुणी आठवडाभर करील, महिनाभर करणार नाही. घरी ते बाईच्या वाट्याला येते आणि शाळेत मुलांच्या.

मग कुणीतरी नळी आणतो. बाजारात सहज मिळते म्हणून अर्ध्या इंचाची. टाकी बागेपेक्षा चांगली ६ मीटर उंच असते, त्यामुळे पाणी जोरात येणार अशी सर्वांची खात्री असते. नळी जोडून दुसऱ्या टोकाला जाऊन पाहावे, तर करंगळीएवढी धार. 'दाब नाही, मोटार बसवावी लागेल', असा निकाल लागतो. मोटार बसवण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा. टाकीत ६ मीटरचा दाब होता, तो गेला कुठे?

उतार आधी मोजावा

या प्रश्नाला हात घालण्यापूर्वी ६ मीटर हा आकडा खरा आहे का, ते पाहू. नजरेने उतार ओळखणे फार फसवे असते, आणि सिल्लोडसारख्या भागात तर जास्तच. हा तालुका अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या माथ्याला आहे. येथले दक्षिणेकडे वाहणारे ओढे पूर्णेला मिळून गोदावरीत जातात, तर वेरूळची नव्हे, अजिंठ्याची लेणी ज्या वाघूर नदीच्या वळणावर कोरली आहेत तिचे पाणी उत्तरेला तापीत जाते. पाणी येथून दोन्हीकडे निघून जाते, वरून कुठूनही येत नाही. अशा पाणलोटाच्या माथ्यावर जमीन लाटांसारखी वरखाली होत राहते. दूरवर दिसणारी बाग खाली वाटते, आणि प्रत्यक्षात मधला ओहोळ ओलांडून पुन्हा तेवढीच वर चढलेली असते.

मोजायला महागडे यंत्र लागत नाही. गवंडी भिंतीची पातळी काढायला पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरतो, तीच घ्यावी. २० मीटर लांबीची नळी, दोन सरळ काठ्या आणि त्यांवर सेंटिमीटरच्या खुणा. दोन्ही काठ्या जमिनीवर उभ्या धरल्या की दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीत राहते. काठ्यांवरच्या वाचनांतील फरक म्हणजे त्या दोन ठिकाणांच्या जमिनीतील उंचीचा फरक. मग मागची काठी उचलून पुढे न्यायची. ३०० मीटरला अशा १५ पायऱ्या होतात. प्रत्येक फरक अधिक-उणे चिन्हासह लिहून शेवटी बेरीज करायची. नळीत बुडबुडा राहिला तर वाचन चुकते, एवढे मात्र सांभाळावे. 'पाणी फाउंडेशन'च्या २०१६ ते २०१९ या काळातील स्पर्धांत गावकऱ्यांनी याच तत्त्वावरच्या साधनाने समपातळीच्या रेषा आखल्या होत्या, त्यामुळे अनेक गावांत हे जाणणारी माणसे आहेत. नववी-दहावीच्या मुलांकडून हे एका दुपारी करून घेता येते. वह्यांमधली बेरीज-वजाबाकी जमिनीवर उतरलेली पाहून मुलांना मौज वाटते.

समजा, ही मोजणी झाली आणि टाकीतले पाणी बागेपेक्षा खरोखरच ६ मीटर उंच निघाले. पाण्याच्या दाबाचे एक सोयीचे माप असे, की १० मीटर उंचीचे पाणी दर चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलोग्रॅम दाब देते. पंपवाले म्हणूनच दाब मीटरमध्ये बोलतात. आपणही तसेच बोलू. आपल्या खिशात ६ मीटर आहेत आणि ते खर्च करून ३०० मीटरचा प्रवास करायचा आहे.

जाड नळीचे गणित

नळीतून वाहणारे पाणी सगळे एका वेगाने वाहत नाही. नळीच्या भिंतीला चिकटलेला थर स्थिर असतो, मधले पाणी वेगाने धावते, आणि हे थर एकमेकांना मागे ओढतात. वेग थोडा वाढला की थर नीट राहत नाहीत, भोवरे पडतात. या साऱ्या ओढाताणीत दाबाची ऊर्जा उष्णतेत बदलते. ती उष्णता इतकी थोडी, की हाताला जाणवणार नाही. पण आपले ६ मीटर तिथेच जातात.

फ्रान्समधल्या दीजाँ शहराला आँरी दार्सी या अभियंत्याने १८४० मध्ये सुमारे १२ किलोमीटरवरच्या झऱ्याचे पाणी उताराने आणून दिले. पुढे त्याने निरनिराळ्या व्यासांच्या नळांवर पद्धतशीर प्रयोग केले. नळातला दाब कसा कमी होतो याच्या सूत्राला आजही त्याचे नाव जोडलेले आहे. त्या सूत्रातली आपल्या कामाची गोष्ट सूत्राशिवायही समजते.

एकाच मिनिटात ठरावीक पाणी दोन नळ्यांतून न्यायचे आहे, आणि दुसरीचा व्यास पहिलीच्या निम्मा आहे. निम्म्या व्यासाच्या नळीच्या तोंडाचे क्षेत्रफळ चौथाई, म्हणून तितकेच पाणी जायला वेग चौपट हवा. भोवऱ्यांच्या प्रवाहात घर्षण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे सोळा पट. शिवाय बारीक नळीत पाण्याच्या मानाने भिंत जास्त असते, निम्म्या व्यासाला दुप्पट. सोळा दुणे बत्तीस. व्यास निम्मा केला की दाबाची हानी बत्तीस पट! गणितात सांगायचे तर हानी व्यासाच्या पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. प्लॅस्टिकच्या गुळगुळीत नळीत हा घात पाचापेक्षा किंचित कमी भरतो, पण त्याने मुद्दा बदलत नाही. शाळेत क्षेत्रफळाचा दुसरा घात आणि घनफळाचा तिसरा घात भेटतो. पाचवा घात रोजच्या व्यवहारात भेटण्याची ही बहुधा एकच जागा असावी.

आता आपले उदाहरण. ३०० मीटर लांब आणि ६ मीटर उतार असलेल्या प्लॅस्टिकच्या नळीचा आतला व्यास अर्धा इंच, म्हणजे १२.५ मिलिमीटर असेल तर दर मिनिटाला सुमारे २.७ लिटर पाणी येते. १५ लिटरची बादली भरायला साडेपाच मिनिटे. एक इंची नळी घेतली तर मिनिटाला सुमारे १८ लिटर, बादलीला ५० सेकंद. दोन इंची नळीतून सुमारे ११५ लिटर, बादली आठ सेकंदांत. व्यास दुप्पट केला की दर वेळी पाणी सहापटीहून जास्त वाढते. नळी टाकीच्या जवळ असती, म्हणजे अंतर ३०० ऐवजी १५० मीटर असते, तर अर्ध्या इंचाच्या नळीचे पाणी दुप्पटही झाले नसते, जेमतेम दीडपट झाले असते. टाकीची उंची ६ ऐवजी १२ मीटर केली तरी तेच, जेमतेम दीडपट. लोक टाकी उंच करण्याच्या मागे लागतात. त्याच पैशात नळी एक आकार जाड घेतली तर हाती जास्त येते.

वर्गात हे करून पाहायला एक बादली टेबलावर ठेवावी आणि एकाच जातीच्या ५ व १० मीटर लांबीच्या दोन नळ्यांतून लिटरभर भांडे भरायला किती सेकंद लागतात ते मोजावे. मुलांना आधी अंदाज लिहायला सांगावा. लांबी दुप्पट म्हणजे पाणी निम्मे, असेच बहुतेक जण लिहितील. प्रत्यक्षात ते सत्तर टक्क्यांच्या आसपास येते. मग व्यास बदलून पाहावा. कुणी विचारील, की सलाईनच्या बारीक नळीत मात्र लांबी दुप्पट केल्यावर पाणी बरोबर निम्मे कसे झाले? प्रश्न चांगला आहे. तिथे प्रवाह इतका मंद असतो की भोवरे पडतच नाहीत, आणि घर्षण वेगाच्या सरळ प्रमाणात राहते. पॅरिसचा डॉक्टर प्वाझय याने एकोणिसाव्या शतकात बारीक नळ्यांमधल्या या प्रवाहाचा नियम शोधला. त्याला कुतूहल होते रक्तवाहिन्यांचे.

बोट लावल्यावर काय होते

आपण सर्वांनी एक गोष्ट केलेली आहे. नळीची धार मंद पडली की तोंडावर बोट दाबून धरायचे. लगेच फवारा लांब उडतो. बोटाने दाब निर्माण केला असे वाटते. पण बोटाजवळ पंप नाही, दाब देणार कोण? घडते ते असे. बोटामुळे पाणी कमी जाऊ लागते, पाणी कमी म्हणून वेग कमी, वेग कमी म्हणून वाटेतले घर्षण कमी, आणि वाटेत न खर्चलेला दाब बोटापर्यंत शिल्लक पोचतो. तोंड पूर्ण बंद केले तर घर्षण शून्य आणि नळीच्या टोकाला पूर्ण ६ मीटर दाब. नळी बारीक असो की जाड, लांब असो की आखूड.

म्हणजे दाब हरवत नाही. आपण घाईने पाणी मागतो, म्हणून तो वाटेत खर्च होतो. थोडे मागितले तर? त्याच अर्ध्या इंची, ३०० मीटर लांब नळीतून मिनिटाला फक्त १ लिटर पाणी न्यायचे ठरवले तर वाटेतला खर्च पाऊण मीटरच्या आसपास येतो. सहांपैकी पाच मीटरहून जास्त दाब टोकाला उरतो. आणि मिनिटाला १ लिटर म्हणजे तासाला ६०, संध्याकाळी सहा ते सकाळी सहा या वेळात ७२० लिटर. आपल्या ४० झाडांची गरज होती ४००!

तेव्हा बागेच्या टोकाला एक ५०० लिटरची टाकी किंवा अडीचशे-अडीचशे लिटरची दोन पिंपे ठेवली, की 'नाकाम' म्हणून टाकून दिलेली तीच नळी पुरते. रात्रभर ती आपल्या संथ गतीने पिंप भरते. भरल्यावर पाणी वाया जाऊ नये म्हणून पिंपाच्या तोंडाला तरंगत्या गोळ्याचा साधा व्हॉल्व्ह बसवायचा. सकाळी मुलांनी पिंपातून पाणी घ्यायचे आणि दहा पावलांवर झाडाला घालायचे. हातात नळी धरून वीस-पंचवीस मिनिटांत बाग भिजवायची असेल, तर मात्र एक इंची नळीला पर्याय नाही. पाण्याची साठवण कोणत्या टोकाला आहे यावर नळीची जाडी ठरते, हे लक्षात न घेता आपण दुकानात जातो आणि दुकानदार जे दाखवील ते घेऊन येतो.

ठिबक सिंचनाचे मर्मही हेच. एकेका ड्रिपरमधून तासाला दोन-चार लिटर एवढेच पाणी मागितले जाते, म्हणून १६ मिलिमीटरची नळी सऱ्यांच्या लांबीला पुरते.

जिल्ह्याच्या ठिकाणी याचे जुने उदाहरण आहे. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली. तेच पुढे औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर. शहराच्या उत्तरेकडच्या डोंगरपायथ्याचे भूजल त्याने जमिनीखालच्या नहरीने गावात आणले. पुढच्या काळात आणखी नहरी झाल्या. खाम नदीकाठच्या पाणचक्कीलाही काही किलोमीटरवरच्या डोंगरातून मातीच्या नळांनी पाणी येत असे. ते उंच भिंतीवर चढून हौदात पडे आणि जाते फिरवी. पाणी भिंतीवर चढते हे पाहून पर्यटकांना चमत्कार वाटतो, आणि वाटाडे त्याला 'सायफन' म्हणून मोकळे होतात. खरे तर झरा त्या भिंतीहून उंचावर आहे. बंद नळातले पाणी आपल्या मूळ पातळीपर्यंत, वाटेतला घर्षणाचा खर्च वजा जाता, चढणारच. गवंड्याच्या नळीत आणि पाणचक्कीत तत्त्व एकच.

या नहरी अहोरात्र वाहत. माणसे पाणी सकाळ-संध्याकाळ वापरत आणि मधल्या वेळी हौद भरत. उगमापाशी अडवून ठेवण्यापेक्षा वापराच्या टोकाला साठवायचे, अशी ती रचना होती. म्हणून मर्यादित आकाराच्या नळांवर वस्ती आणि बागा भागल्या. आज त्याच शहराला पैठणच्या जायकवाडी जलाशयातून पाणी येते, आणि ते सुमारे शंभर मीटर वर चढवावे लागते. वस्ती कित्येक पटींनी वाढली, त्याला इलाज नव्हता. पण पाणी उताराने येणे आणि उपसून आणणे यांतला फरक समजायला ही दोन उदाहरणे एकाच शहरात आहेत.

नळीत अडकलेली हवा

संथ पाण्याची एक खोड आहे. ते हवा ढकलू शकत नाही. लाटांसारख्या जमिनीवरून नळी टाकली की प्रत्येक उंचवट्यावर हवा साचते. रिकामी नळी भरताना पाणी उंचवट्याची चढण भरून पलीकडच्या उताराने नुसते ओघळते, आणि तो उतार हवेनेच भरलेला राहतो. चढायला लागलेली उंची उतरताना परत मिळायला हवी होती, ती मिळत नाही. दीड-दीड मीटरचे असे चार उंचवटे वाटेत असले तर आपले सहाच्या सहा मीटर संपले. टाकी भरलेली, नळी फुटलेली नाही, आणि टोकाला थेंबही नाही. गावात म्हणतात, लाईनने हवा धरली.

हा खेळ वर्गात दाखवण्यासारखा आहे. सायकलच्या उभ्या धरलेल्या रिमभोवती बारीक पारदर्शक नळीचे चार वेढे द्यावेत आणि एका टोकाला नरसाळे लावून ते रिमच्या वर मीटरभर उंच धरावे. रंगीत पाणी हळूहळू ओतावे. नरसाळे भरून वाहू लागते, दुसऱ्या टोकाने मात्र काही येत नाही. प्रत्येक वेढ्यात एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला हवा अशी मांडणी झालेली स्पष्ट दिसते. चार वेढ्यांतल्या पाण्याच्या उंचींची बेरीज नरसाळ्याच्या उंचीला भारी पडलेली असते.

पुण्यात अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावापासून शहरात पाणी आणले, त्या मार्गावर ठरावीक अंतरावर उच्छ्वास बांधलेले होते. तिथे कोंडलेली हवा सुटे आणि गाळही काढता येई. आपल्या नळीला प्रत्येक उंचवट्यावर एक टी आणि छोटी तोटी बसवली की तोच उच्छ्वास झाला. नळी भरताना टाकीजवळची तोटी आधी उघडायची, फसफस थांबून सलग पाणी आले की बंद करायची आणि पुढच्या उंचवट्याकडे जायचे. नळी हातभर खोल पुरली तर हे काम वारंवार करावे लागत नाही. उन्हात तापलेल्या नळीत पाण्यात विरघळलेली हवा बाहेर पडून पुन्हा साचते. बैलगाडीची चाके, ट्रॅक्टर आणि उंदीर यांपासूनही पुरलेली नळी वाचते.

दोन किलोमीटरची पाईपलाईन

शाळेच्या बागेत चूक झाली तर चाळीस रोपे जातात. शेतात घराचा वर्षाचा पैसा जातो. सिल्लोड तालुक्यात शिवना, आमठाणा, गोळेगाव या भागात उन्हाळी मिरचीची लागवड मोठी होते. एप्रिल-मेच्या उन्हात, मल्चिंग आणि ठिबकावर रोपे लावायची, म्हणजे पावसाळ्यात बाजारात लवकर हिरवी मिरची नेता येते. नेमके त्याच महिन्यांत काळ्या पाषाणातल्या विहिरी तळ गाठतात. मग तलावाच्या किंवा नदीच्या काठी गुंठाभर जागा घेऊन तिथे विहीर खोदायची आणि दोन-तीन किलोमीटर पाईपलाईन करून पाणी आपल्या रानात आणायचे, हा मार्ग अनेक शेतकरी धरतात. २०१२-१३ च्या दुष्काळात औरंगाबाद-जालना भागात मोसंबीच्या बागा तोडाव्या लागल्या, त्या वेळीही ज्यांना दुरून पाणी आणता आले त्यांच्या काही बागा तगल्या.

समजा, २ किलोमीटर लांबून, २० मीटर चढावर, सेकंदाला ४ लिटर पाणी आणायचे आहे. ६३ मिलिमीटरचा पाईप घेतला (आतला व्यास सुमारे ५८) तर घर्षणात साधारण ७६ मीटर जातात. खरा चढ २०, आणि पंपाला द्यावे लागतात ९६! ७५ मिलिमीटरच्या पाईपात घर्षण ३० मीटरवर येते, आणि ९० मिलिमीटरच्या पाईपात साडेबारा मीटरवर. पंप-मोटारीची एकूण कार्यक्षमता ५० टक्के धरली तर पहिल्या पाईपाला सुमारे १० अश्वशक्तीची मोटार लागेल, दुसऱ्याला सव्वापाच, तिसऱ्याला साडेतीन. पाणी तेवढेच, रान तेच, चढ तोच.

मोटार बदलणे सोपे असते, पुरलेला पाईप बदलणे अवघड. म्हणून पाणी कमी पडले की पुढच्या वर्षी मोठी मोटार येते. मोठ्या मोटारीने वेग वाढतो, घर्षण वर्गाच्या हिशेबाने वाढते, आणि ४ किंवा ६ किलो दाबाचा शिक्का असलेल्या पाईपात ९६ मीटरचा, म्हणजे साडेनऊ किलोंहून जास्त दाब गेला की विहिरीजवळचा जोड उडतो. आणखीही एक बाजू आहे. २०२४ पासून राज्यात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज देण्याची योजना लागू झाली, आणि सौरपंपही ३, ५ व साडेसात अश्वशक्तीचेच दिले जातात. बारीक पाईप घेणारा शेतकरी दहा अश्वशक्तीच्या गरजेने या दोन्हींच्या बाहेर राहतो. पाईपाचा खर्च वाचवण्याच्या हिशेबात हे धरलेले नसते. माझ्या मते, दहावीच्या विज्ञानात प्रवाहाचा हा एवढा एक धडा असता तर गावागावांत पुष्कळ पैसा वाचला असता. पाईप घ्यायच्या आधी शेतकऱ्याची दहावीतली मुलगी हा हिशेब कागदावर करू शकते.

पाईपाच्या टोकाला शेततळे असेल तर हिशेब आणखी हलका होतो. वीज किंवा ऊन असेल तेव्हा सेकंदाला २ लिटरने तळे भरत ठेवायचे. प्रवाह निम्मा केला की घर्षण साधारण चौथाईवर येते, आणि ७५ चा पाईपही आरामात पुरतो. बागेजवळचे पिंप आणि रानातले शेततळे यांत आकाराशिवाय फरक नाही.

शाळेच्या टाकीबद्दल एक सूचना राहिली. बागेची नळी टाकीच्या तळाला जोडू नये. रात्रभर पाणी बागेत गेले आणि सकाळी मुलांना प्यायला उरले नाही, तर बागेचा प्रयोग त्याच दिवशी बंद होईल, आणि ते योग्यच. बागेचे तोंड टाकीच्या निम्म्या उंचीवर काढावे. पाणी तिथपर्यंत उतरले की बागेचा प्रवाह आपोआप थांबतो आणि खालची अर्धी टाकी पिण्यासाठी शिल्लक राहते. मे महिन्याच्या सुटीत टाकीच भरली जात नसेल, तर प्रत्येक रोपाशेजारी एक कच्चे, न रंगवलेले मडके गळ्यापर्यंत पुरून त्यावर झाकण ठेवावे. मडक्याच्या भिंतीतून पाणी माती सुकेल तसे झिरपते. सात-आठ लिटरचे मडके किती दिवस पुरते ते मातीवर आणि उन्हावर अवलंबून आहे. एप्रिलमध्येच एक मडके पुरून, रोज सकाळी पट्टीने पाण्याची पातळी मोजून आलेख काढला, तर सुटीत कुणाला किती दिवसांनी फेरी मारावी लागेल ते आधीच कळेल.